कॅलिफोर्नियाचे अब्जावधी डॉलर कमी पडले, मग महाराष्ट्राने बेघरांवर खर्च का करावा?

आपला प्रश्न असा आहे की, कॅलिफोर्नियासारख्या श्रीमंत राज्याला एवढा पैसा ओतूनही रस्त्यावर झोपणारी माणसे कमी करता आली नाहीत, तर महाराष्ट्र सरकारने बेघरांसाठी तिजोरी उघडण्यात काय अर्थ आहे. मी ठाण्यात राहतो आणि शहरी बेघरांच्या रात्रीच्या मोजणीत काही वर्षे स्वयंसेवक म्हणून फिरलो आहे. माझे मत असे की खर्च करावा आणि आजच्याहून जास्त करावा. मात्र निवारे किती बांधले एवढेच न मोजता, किती माणसांवर पुन्हा उघड्यावर झोपण्याची वेळ आली नाही याचाही हिशेब सरकारने ठेवावा.

कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांचा एप्रिल 2024 चा अहवाल या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 2018-19 ते 2022-23 या पाच आर्थिक वर्षांत सुमारे 24 अब्ज डॉलर खर्च झाले आणि तरीही 2023 च्या मोजणीत तेथे 1 लाख 81 हजारांहून अधिक बेघर आढळले, हे खरे आहे. पण पैसा निरुपयोगी ठरला असे लेखापरीक्षकांनी म्हटलेले नाही. पैशातून काय साधले याची माहितीच राज्याने सातत्याने गोळा केली नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तपासलेल्या पाच योजनांपैकी तीन योजनांबाबत त्यांना निष्कर्ष काढण्याइतकी आकडेवारी मिळाली नाही. उरलेल्या दोन किफायतशीर दिसल्या आणि त्यांतील एक होती जुनी हॉटेले घेऊन त्यांचे राहत्या घरांत रूपांतर करण्याची.

आता आपल्याकडे वळू. 2011 च्या जनगणनेत देशात 17.7 लाख बेघर नोंदले गेले, त्यांपैकी सुमारे 2.1 लाख महाराष्ट्रात होते. एका रात्रीत उरकलेल्या त्या मोजणीत बरीच माणसे सुटली असणार, असे मला मोजणीचा अनुभव घेतल्यापासून वाटते, कारण झोपलेला माणूस दिसतो, पण रात्रपाळीला गेलेल्याची फक्त वळकटी दिसते. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक, वर्षभर आणि चोवीस तास चालणारा निवारा असावा असे सांगितले. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हाच निकष शंभर माणसांच्या निवाऱ्याच्या रूपात आला. खर्चात केंद्राचा वाटा आरंभी 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के होता. पुढे ते प्रमाण 60 आणि 40 झाले. 2011 ची लोकसंख्या धरली तरी या निकषाने ठाणे महापालिकेच्या हद्दीत 18 आणि नवी मुंबईत 11 निवारे हवेत. आपल्या शहरात किती निवाऱ्यांच्या पाट्या आपण पाहिल्या आहेत, ते आठवून पाहावे.

तरीही संख्येपेक्षा जागेचा प्रश्न मला मोठा वाटतो. ठाणे स्थानकाबाहेर एका मोजणीत भेटलेले एक गृहस्थ लग्नाच्या जेवणावळींत वाढप्याचे काम करीत. कार्य आटोपून, भांडी आवरून परतायला त्यांना मध्यरात्र उलटून जाई, आणि त्यांना सांगितलेल्या निवाऱ्याचे दार रात्री दहाला बंद होई. शिवाय तो निवारा कामाच्या नाक्यापासून इतका दूर होता की रिक्षाला पैसे घातले तर हातात काय उरणार, असे ते म्हणाले. अशा निवाऱ्यात खाटा रिकाम्या राहतात, मग कागदावर “प्रतिसाद नाही” असे नोंदले जाते आणि पुढच्या वर्षी तरतूद कापली जाते. बेघर माणूस काम मिळते तेथेच अंग टाकतो, हे धोरण आखणाऱ्यांनी सर्वांत आधी ध्यानात घ्यायला हवे. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 मध्ये सिग्नलवरच्या मुलांसाठी सुरू झालेली सिग्नल शाळा टिकली, ती मुले जेथे होती तेथेच शाळा गेली म्हणून, असे मी मानतो.

दुसरी अडचण चालू खर्चाची. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत पन्नास माणसांच्या निवाऱ्याला वर्षाला 6 लाख रुपये धरले होते, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे 33 रुपये. त्यात तिन्ही पाळ्यांचे काळजीवाहक, वीज, पाणी आणि अंथरूण-पांघरूण भागवायचे. इमारतीचे उद्घाटन होते, पण काळजीवाहकाचा पगार थकला की ती इमारत चालत नाही. राज्याने स्वतःच्या तिजोरीतून भर घालायची असेल तर ती आधी येथे घालावी. अभियानाची मुदत 2024 मध्ये संपल्यापासून ही जबाबदारी राज्यावर अधिकच आली आहे.

घरांच्या योजनांचे म्हणाल तर, झोपडपट्टी पुनर्वसनात पात्रतेसाठी 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या झोपडीचा पुरावा लागतो आणि सशुल्क घरासाठी 1 जानेवारी 2011 पूर्वीचा. ज्याची झोपडीच नाही, तो या रांगेत उभाही राहू शकत नाही. दुसरीकडे 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि त्याखाली पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे डांबून ठेवता येते. याच कायद्याची दिल्लीत लागू असलेली मुख्य कलमे तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये रद्द केली. एका हाताने निवारा आणि दुसऱ्या हाताने अटक, असे धोरण चालत असेल तर रात्री मोजणीला आलेल्या माणसाला पाहून लोक गाठोडे उचलून पळतात, यात नवल नाही. ते पळणे मी पाहिले आहे आणि मला त्याची लाज वाटली आहे.

आपल्याला या विषयात खरोखर रस असेल तर आपल्या महापालिकेकडे माहिती अधिकारात प्रत्येक निवाऱ्याची रोजची हजेरी आणि दार बंद होण्याची वेळ मागावी. त्याच अर्जात, निवाऱ्यातून बाहेर पडलेली माणसे कोठे गेली याची नोंद ठेवली जाते का, हेही विचारावे.