आधी लेखकांचे पैसे वेगळे काढा

पुण्याच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४३, एका प्रकाशन संस्थेत संपादक, हातात पगार ६५ हजार. नोकरी सांभाळून तीन वर्षं त्या लेखकांच्या एजंट म्हणून काम करतात. मराठी पुस्तकांचे अनुवादाचे, ऑडिओचे, वेब मालिकेचे हक्क विकून देतात आणि १५ टक्के कमिशन घेतात. मार्चमध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करायचं आहे. खात्यात १८ लाख आहेत. त्यातून १४ लाखांचं गृहकर्ज फेडावं की ते दोन वर्षांच्या घरखर्चाला ठेवावेत, असा प्रश्न आहे. शेवटी ओझरता उल्लेख: ‘यात साधारण १० लाख लेखकांचे आहेत, पण त्यांना घाई नाही. बँकेतल्या मॅडमनी गेल्या वर्षी ३ लाख हप्त्याची एक योजनाही काढून दिली.’

ताई, कर्जाचं नंतर बघू. १८ मधून १० गेले, उरले ८. तुमच्याकडे ८ लाख आहेत. प्रश्न १८ लाखांचा समजून विचारलात, ही पहिली चूक.

दुसरी चूक त्याहून गंभीर आहे. लेखकांचे पैसे तुमच्या बचत खात्यात, तुमच्या घरखर्चाच्या पैशांत मिसळून पडलेत. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर बँक ते नॉमिनीला देईल. यातले १० लाख कुणाकुणाचे, हे तुमच्या घरच्यांना कुठून कळणार? ज्या कादंबरीकारांनी ‘मुलीच्या लग्नाला लागतील तेव्हा घेईन’ म्हणून ६ लाख ८० हजार तुमच्याकडे ठेवले, त्यांच्या हातात एक कागदही नाही. त्यांचा विश्वास मोठा आहे, म्हणूनच हे लगेच निस्तरा.

आता कर. याच कादंबरीकारांच्या वेब मालिकेच्या हक्कांचे ८ लाख तुमच्या पॅनवर आले, १० टक्क्यांनी ८० हजार टीडीएसही तुमच्याच नावे कापला गेला. तुमचं कमिशन १ लाख २० हजार, पण आयकर खात्याच्या नोंदीत पूर्ण ८ लाख तुमचं उत्पन्न. तुम्ही रिटर्नमध्ये फक्त कमिशन दाखवलंत, म्हणजे आकडे जुळणार नाहीत आणि नोटीस येऊ शकते. उत्पन्न लेखकाचं आहे असं लेखी निवेदन निर्मिती कंपनीला देऊन कापलेला कर लेखकाच्या पॅनवर वळवता येतो का, हे या आठवड्यात सीएला विचारा. पुस्तकांच्या रॉयल्टीचंही तेच. जुन्या करप्रणालीत लेखकाला त्यावर ३ लाखांपर्यंत वजावट मिळू शकते. पैसे तुमच्या नावे आल्यावर ती मागताना त्यांची अडचण होते. आणि डॉक्टर-वकिलांसारखं अंदाजे निम्मं उत्पन्न दाखवून मोकळं व्हायची सोय कमिशनच्या उत्पन्नाला नाही. हिशोब ठेवावेच लागतील.

यापुढच्या प्रत्येक करारात एक कलम घाला: ८५ टक्के थेट लेखकाच्या खात्यात, १५ टक्के तुमच्या. जिथे ते जमणार नाही तिथे लेखकांच्या पैशांसाठी वेगळं चालू खातं ठेवा, आलेली रक्कम तीस दिवसांत पुढे पाठवा आणि सोबत हिशोबाचा कागद द्या. आज पडून असलेले १० लाख तर लगेच पाठवा, त्यांनी मागितले नसले तरी.

बँकेतल्या मॅडमना तुमच्या खात्यात मोठी शिल्लक दिसली आणि त्यांनी विम्याची योजना विकली. ती शिल्लक बरीचशी लेखकांची होती! दहा वर्षं ३ लाख भरायचे, विसाव्या वर्षी ६५ लाख मिळणार. ‘दुपटीहून जास्त’ ऐकायला छान वाटतं. परतावा जेमतेम ५ टक्के. पीपीएफ ७.१ देतं. तुमचं गेल्या वर्षीचं सगळं कमिशन १ लाख ९० हजार, आणि हप्ता ३ लाख. नोकरी सोडणाऱ्या बाईला हे विकणाऱ्याचा मला राग येतो. परत पाठवायची ३० दिवसांची मुदत गेली. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावरही काही रक्कम परत मिळते. किती, ते विमा कंपनीकडून लेखी घ्या आणि दुसरा हप्ता भरू नका. ३ लाखांतले काही बुडतील. पुढचे २७ लाख वाचतील.

आता नोकरी. गेल्या वर्षीच्या १ लाख ९० हजारांतले १ लाख २० हजार एकाच मालिकेचे. उरलेल्या सगळ्या कामाचे ७० हजार. ४०० रुपयांचं मराठी पुस्तक, हजाराची आवृत्ती, १० टक्के रॉयल्टी: लेखकाला ४० हजार, तुम्हाला ६ हजार, तेही आवृत्ती संपल्यावर. महिना ६० हजार हवेत तर वर्षाला अशी १२० पुस्तकं लागतील. ‘हिंदीला, कन्नडला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, आता मराठीची पाळी’ असं तुम्ही लिहिता. मिळावं, मलाही मनापासून वाटतं. पण इंग्रजी अनुवादाला मिळणाऱ्या त्या पुरस्काराचे ५० हजार पौंड लेखक आणि अनुवादक निम्मे-निम्मे वाटून घेतात, आणि बक्षिसावर एजंट सहसा कमिशन घेत नाही. त्यावर घर चालवायचा बेत आखू नका.

या धंद्यात पैसा साठत जातो. करार जितकी वर्षं चालतो तितकी वर्षं त्यावर कमिशन येतं, म्हणून दहाव्या वर्षाचा एजंट तिसऱ्या वर्षाच्या एजंटापेक्षा निवांत असतो. तुम्ही तिसऱ्या वर्षात आहात. मोठा सौदा वगळून कमिशन सलग दोन वर्षं ४ लाखांच्या वर गेलं, की राजीनाम्याचा विचार करा. तोपर्यंत मालकांना या कामाची लेखी कल्पना द्या, आणि तुमच्याच संस्थेने घेतलेल्या पुस्तकावर कमिशन घेऊ नका.

कर्ज फेडू नका. महिना ४५ हजार खर्च धरला तर ८ लाख सतरा-अठरा महिने पुरतात, ते तसेच राहू द्या. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जाईल; स्वतःचा १० लाखांचा आत्ताच, तब्येत धड असताना घ्या.