मधुमेहाच्या इंजेक्शनांसाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : माझे वय ६२ आहे. बारा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. गोळ्या चालू असूनही एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.९ आहे, वजन ९४ किलो आहे आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली आहेत. डॉक्टरांनी टिर्झेपॅटाइडचे दर आठवड्याला एक इंजेक्शन सुचवले आहे. घरखर्च भागून महिन्याला आठ हजार रुपये उरतात. सहा लाखांची मुदत ठेव मोडून दीड-दोन वर्षे इंजेक्शने घ्यावीत, साखर उतरली की थांबावे आणि तोवर आरोग्य विम्याचा ४६,००० रुपयांचा वार्षिक हप्ता वाचवावा, असा विचार आहे. – एक वाचक, सांगली

उत्तर : आपली सगळी योजना ‘साखर उतरली की थांबावे’ या गृहीतकावर उभी आहे आणि तेच मला सर्वांत कच्चे वाटते. जेवण आतड्यात उतरले की तेथील पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडतात. रक्तातील साखर वाढलेली असेल तेव्हा ते स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवायला लावते, यकृतातून साखर बाहेर काढणाऱ्या ग्लुकागॉनला आवर घालते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूला पोट भरल्याची जाणीव करून देते. नैसर्गिक जीएलपी-१ काही मिनिटांतच नष्ट होते. त्याची नक्कल करणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधात मात्र रेणूची रचना अशी बदललेली असते की त्याची निम्मी मात्रा आठवडाभराने शिल्लक असते. टिर्झेपॅटाइड जीएलपी-१ बरोबरच जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. हा परिणाम औषध शरीरात असेपर्यंतच मिळतो आणि ते थांबले की भूक, वजन व साखर बहुतेकांमध्ये पुन्हा चढू लागतात. म्हणून या खर्चाकडे एखाद्या शस्त्रक्रियेच्या बिलासारखे न पाहता घरभाड्यासारखे पाहावे लागेल.

टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमच्या कुपीची ४,३७५ रुपये होती. त्या दराने ५ मिलिग्रॅमचा चार आठवड्यांचा खर्च १७,५०० आणि वर्षाच्या ५२ आठवड्यांचा २,२७,५०० रुपये होतो. मात्रा वाढली की तो आणखी वाढतो. आपली सहा लाखांची ठेव तीन वर्षेही पुरणार नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या ८.२ टक्के व्याजातून हा खर्च भागवायचा ठरवला, तर साडेसत्तावीस लाखांहून अधिक मुद्दल लागेल.

तरीही ‘परवडत नाही, सोडून द्या’ असे मी म्हणणार नाही, कारण लघवीतून प्रथिने जाणे ही मूत्रपिंडाने दिलेली सूचना आहे आणि डायलिसिसची वेळ आली तर घराचे जे होते त्यापुढे इंजेक्शनांचा खर्च किरकोळ वाटेल. टाइप २ मधुमेह व मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लो’ चाचणीत आठवड्याला १ मिलिग्रॅम सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाशी संबंधित गंभीर घटनांचा धोका २४ टक्क्यांनी कमी आढळला. टिर्झेपॅटाइडने वजन व साखर अधिक उतरते हे खरे. परंतु आपल्या प्रकृतीत मूत्रपिंडाचा विचार आधी यायला हवा. शिवाय सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती आणि पेटंट संपले की इतर कंपन्यांनाही औषध बनवता येते. एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळीचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले, तेव्हा साठेक रुपयांना पडणारी गोळी पंधरा रुपयांच्या आत मिळू लागली होती. तेव्हा डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : मला भारतीय कंपनीचे सेमाग्लुटाइड चालेल का, आणि एम्पाग्लिफ्लोझिनसारखी गोळी माझ्या औषधांत आहे का? घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल किंवा आपल्याला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला असेल, तर तेही सांगावे. डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्यावा.

विम्याचा हप्ता मात्र कोणत्याही परिस्थितीत थांबवू नये. घरी घेतलेल्या इंजेक्शनांचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत, म्हणून ती निरुपयोगी वाटत असेल. पण ६२ व्या वर्षी मधुमेहासह नवी पॉलिसी मिळणे कठीण असते आणि मिळालीच तरी आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा नव्याने सुरू होते. हृदय आणि मूत्रपिंड या दोन्हींना धोका असलेल्या माणसाने ही तीन वर्षे विम्याविना काढावीत, हे मला मान्य नाही.

आकडा असा ठरवावा. पुढे जी मात्रा कायम राहील असे डॉक्टरांना वाटते, तिचा महिन्याचा खर्च आपल्या आठ हजारांच्या शिलकीत बसत असेल तरच औषध सुरू करावे. सुरुवातीच्या अल्प मात्रेच्या दरावर निर्णय घेऊ नये. पहिल्या सहा महिन्यांतील तपासण्या आणि वरखर्चासाठी ठेवीतून ५०,००० रुपयांपर्यंतच रक्कम बाजूला काढावी. सहा महिन्यांनी एचबीए१सी, लघवीतील अल्ब्युमिन (प्रथिन) व मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन यांचे अहवाल समोर ठेवून डॉक्टरांशी पुन्हा बोलावे. उरलेले साडेपाच लाख आपल्या अडीअडचणीचे आहेत. ते एकाच ठेवीत न ठेवता वेगवेगळ्या मुदतींच्या तीन ठेवींत विभागावेत, म्हणजे अचानक गरज पडली तरी एकच ठेव मोडावी लागेल आणि बाकीच्यांचे व्याज शाबूत राहील.