ब्रेकआधी विचारायचे प्रश्न

पोरी,

पुण्यात पूलच्या आठ बॉलमध्ये तुझी फ्रेम, म्हणजे डाव, गेली ती समोरच्याच्या लबाडीमुळे नव्हे. तू ज्या टेबलांवर शिकलीस तिथे ब्रेकला, म्हणजे रचलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या शॉटला, पट्ट्याचा बॉल पडला की पट्ट्यांचा गट आपला, अशी रीत. डब्ल्यूपीएच्या, म्हणजे जागतिक संघटनेच्या नियमांत ब्रेकला काहीही पडो, टेबल ओपनच राहतं, म्हणजे कुठला गट कुणाचा हे ठरत नाही. पुढे आधी सांगून, बिनफाऊल जो बॉल पॉट होईल, म्हणजे पॉकेटमध्ये पडेल, त्यावरून गट ठरतो. तू पट्ट्यांच्या मागे लागलीस आणि त्याने शांतपणे साधे, म्हणजे बिनपट्ट्याचे, बॉल घेतले. तो त्याच्या नियमाने बरोबर होता, तू तुझ्या.

पूलमधली निम्मी भांडणं अशीच होतात. स्नूकरला एकच नियमावली सगळीकडे चालते. पूलमध्ये जागतिक संघटनेचे नियम वेगळे, अमेरिकन लीगचे वेगळे, इंग्लंडच्या लाल-पिवळ्या बॉलवाल्यांचे वेगळे आणि सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत प्रत्येक पार्लरचे आणखी वेगळे. म्हणून पहिला ब्रेक होण्याआधी आयोजकाला विचार, आणि शक्यतो समोरच्याच्या देखत विचार.

आठ बॉलसाठी हे विचार. ब्रेकला काळा, म्हणजे शेवटी टाकायचा आठ नंबरचा बॉल, पडला तर काय? काही ठिकाणी सरळ विजय. डब्ल्यूपीएत ब्रेक करणाऱ्याने काळा पुन्हा स्पॉटवर ठेवून खेळायचं किंवा नव्याने ब्रेक करायचा. ब्रेकला पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, पॉकेटमध्ये गेला तर पुढच्याने तो टेबलावर कुठेही ठेवायचा की ब्रेकच्या रेषेच्या मागेच? काळ्यावर खेळताना पांढरा गेला, पण काळा पडला नाही, तर? अनेक पार्लरमध्ये फ्रेम गेली. डब्ल्यूपीएत तो साधा फाऊल, समोरच्याला बॉल इन हँड, म्हणजे पांढरा हवा तिथे ठेवायची मुभा. शॉट कितपत सांगायचा? डब्ल्यूपीएत फक्त बॉल आणि पॉकेट. वाटेत किती कुशन, म्हणजे टेबलाच्या रबरी कडा, लागतील, कुणाला धडकेल, हे सांगायची गरज नाही, आणि उघड दिसणारा शॉट न सांगितला तरी चालतो. मात्र सेफ्टी, म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकून पाळी सोडायचा शॉट, आधी सांगायची. न सांगता स्वतःचा बॉल पॉट केलास तर पुढचा शॉटही तुलाच खेळावा लागेल, मग पांढरा कितीही छान लपलेला असो.

नाइन बॉल या पूलच्या दुसऱ्या प्रकाराला दोनच गोष्टी पक्क्या कर: ब्रेकनंतरचा पुश आऊट आहे का (पांढरा हवा तसा ढकलायचा, मग तिथून खेळायचं की परत तुलाच खेळवायचं हे समोरच्याने ठरवायचं), आणि सलग तीन फाऊलला फ्रेम जाते का. तीन फाऊलचा नियम असेल तर समोरच्याचे दोन झाल्यावर तो टेबलाशी येताच त्याला तसं सांगायचंच. गप्प राहून तिसरा मोजायचा, ही हुशारी चालत नाही: बजावलं नसेल तर तिसरा फाऊल दुसराच धरला जातो.

स्नूकरवरून आलेल्यांची एक खास अडचण. तिथे पांढरा दुसऱ्या बॉलला चिकटला असेल तर त्याला न हलवता खेळावं लागतं. पूलमध्ये चिकटलेल्या बॉलच्या दिशेनेही मारता येतं. त्यामुळे चिकटलाय की केसभर अंतर आहे, हे शॉटआधी दोघांनी वाकून पाहून मोठ्याने ठरवावं. कुशनला चिकटलेल्या बॉलचंही तसंच. तो चिकटलेला आहे असं आधी ठरलं असेल, तर पांढऱ्याने त्याला त्याच कुशनवर दाबणं ‘कुशन लागला’ यात मोजत नाहीत. काहीच पॉट झालं नाही, तर धडकेनंतर पांढरा कुशनला लागला पाहिजे, किंवा तो बॉल दुसऱ्या कुशनला, किंवा तिसराच एखादा बॉल कुशनला. आधी कुणी बोललंच नाही तर तो चिकटलेला नव्हता असं धरतात, आणि मग वाद घालून उपयोग नसतो.

रेफरी नसतो तिथे खुर्चीवर बसलेला खेळाडूच रेफरी. फाऊल दिसला तर पुढचा शॉट सुरू होण्याआधी बोल. नंतर तो झालाच नाही असं धरतात. अवघड शॉट येताना दिसला, तर समोरच्याला थांबवून तिसऱ्याला बघायला बोलाव. यात कुणाचा अपमान नाही, मारून झाल्यावर बोंब मारण्यापेक्षा हे कितीतरी सभ्य. कुणीच नीट पाहिलं नसेल तर साधारण रीत अशी की मारणाऱ्याचं म्हणणं मानायचं. म्हणूनच स्वतःचा फाऊल स्वतः सांगायचा, कारण कित्येकदा तो फक्त तुलाच कळलेला असतो. बाही एखाद्या बॉलला घासली, तर सगळ्या बॉलचा फाऊल धरतात की फक्त पांढऱ्याचा, हेही आधीच विचार. फक्त पांढऱ्याचा असेल तर हललेला बॉल स्वतः उचलून जागेवर ठेवू नकोस. समोरच्याला विचार, तो म्हणेल तसाच राहील.

मुद्दाम फाऊल करून बॉल अडचणीत ठेवणं, पुश आऊट देऊन कोंडी करणं याला मात्र मी अखिलाडूपणा म्हणणार नाही. नियमाने दिलेली चाल आहे, फाऊलची किंमत बॉल इन हँडने मोजलेली असते, पुश आऊटची समोरच्याला निवड देऊन. समोरचा नेम धरत असताना क्यूला खडू घासणं, त्याच्या नजरेच्या रेषेत उभं राहणं, रॅक लावताना, म्हणजे ब्रेकसाठी बॉल रचताना, पुढचा बॉल मुद्दाम सैल ठेवणं, हे वाईट. रॅक बघायचा तुला हक्क आहे, पण दर फ्रेमला दोन-दोन मिनिटं बघत बसू नकोस. (फटी बऱ्याचदा धुळीमुळे पडतात, आपल्याकडे उन्हाळ्यात तर फारच. बॉल पुसायला सोलापुरी टॉवेल उत्तम, फक्त बऱ्याच धुण्यांतून गेलेला घे. नव्याची लव कापडावर सांडते.)

सगळ्यात जास्त वाद होतो तो दुहेरी ठोक्यावर. पांढरा आणि समोरचा बॉल यांत खडूच्या तुकड्याच्या रुंदीएवढं किंवा कमी अंतर असेल आणि तू सरळ मारलंस, तर पांढरा अडतो, क्यूचं टोक पुढे येतच असतं आणि पुन्हा लागतं. खूण सोपी: पांढरा क्षणभरही न थबकता पुढच्या बॉलच्या मागोमाग जवळपास त्याच वेगाने धावतो. क्यू उभा धरला म्हणून फाऊल आपोआप टळत नाही. त्या बॉलला अगदी बारीक कट मार, नाहीतर दुसरीकडे खेळ. या आठवड्यात दोन बॉल तसे ठेवून, मोबाईल टेबलाच्या काठावर आडवा टेकवून, स्लो मोशनमध्ये वीस-पंचवीस शॉट चित्रित कर. सरळ, तिरका, उभा क्यू, हळू, जोरात, सगळे. आणि ते मला पाठव.