पेट्रोल कसं बनते, कशासाठी वापरावं अन् घरात बाटलीत काहून ठेवू नये : तुमच्या प्रश्नांची उत्तरं

रिफायनरीच्या लॅबमधे नोकरी केली, आता गावी राहतो, त्यामुळे पेट्रोलचं काही निघालं की लोक मलाच विचारतात. फवारणीचा हंगाम लागला की तेच ते प्रश्न अन् तीच ऐकीव माहिती फिरून फिरून येते, म्हणून यावेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देऊन राहिलो.

प्रश्न : सर, पेट्रोल जमिनीतून जसंच्या तसं निघते का? आमच्याकडे काही जण म्हणतात विहिरीतून काढलं की गाळून पंपावर पाठवतात. (विद्यार्थी, आर्वी)

नाही. जमिनीतून निघते ते क्रूड, काळपट घट्ट तेल. आपल्या देशाला लागते त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून जहाजानं येते, थोडंफार बॉम्बे हाय, आसाम, राजस्थान इकडचं. रिफायनरीत ते साधारण ३५० डिग्रीपर्यंत तापवून उंच टॉवरमधे सोडतात. मोहाच्या भट्टीत जे आधी उकळते त्याची वाफ आधी निघते ना, तत्त्व तेच, फक्त इथं एकाच टॉवरमधून वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळा माल काढतात. सगळ्यात वर गॅस, त्याखाली नाफ्था म्हणजे एक हलकं तेल, मग केरोसीन, मग डिझेल, अन् तळाशी जे उरते त्याच्यातून पुढं रस्त्याचं डांबर.

आता लोकांना वाटते नाफ्था म्हणजेच पेट्रोल. तसं नाही. निव्वळ नाफ्था गाडीत टाकला तर इंजन ठोकते, कारण त्याचा ऑक्टेन कमी असतो, म्हणजे स्पार्क पडायच्या आधीच किंवा भलत्याच वेळी तो पेटतो. म्हणून प्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, वापरून, ५०० डिग्रीच्या आसपास, त्याच्या रेणूंची रचनाच बदलतात, याला रिफॉर्मिंग म्हणतात. यात हायड्रोजन सुटतो, तोच पुढं गंधक काढायला कामी येतो. दुसरीकडे टॉवरखालचं जड तेल तोडून त्याचंही पेट्रोल करतात, त्याला क्रॅकिंग म्हणतात. मग हे सगळं मापात मिसळतात, लॅबमधे ऑक्टेन, गंधक, बेंझिन, वाफेचा दाब तपासतात, पास झालं तरच बाहेर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आहे, गंधक दहा लाख भागांत १० च्या वर चालत नाही, आधी ५० चालायचं. पूर्वी ऑक्टेन वाढवायला शिसं घालत, ते २००० साली देशभर बंद झालं, अन् फार चांगलं झालं.

प्रश्न : गायगावला पेट्रोल बनते का? (बाळापूर)

नाही, तो डेपो आहे. तिथं साठवतात अन् टँकर भरतात.

प्रश्न : चुकून ट्रॅक्टरमधे पेट्रोल पडलं तर? (मंगरूळपीर)

चावी फिरवू नका. डिझेल इंजनातलं इंधन दाबानं पेटते, पेट्रोल इंजनातलं स्पार्कनं, अन् इंजनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाला डिझेलचाच चिकटपणा लागतो, पेट्रोलनं तो घासून खराब होतो. मेकॅनिक बोलवा, टाकी पूर्ण खाली करून घ्या. “थोडंच पडलं, वरून डिझेल टाकलं की चालते” हे सांगणाऱ्याचं ऐकू नका, दुरुस्तीचे पैसे तो देणार नाही.

प्रश्न : इथेनॉलवाल्या पेट्रोलनं माझ्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज अर्ध्यावर आलं. खरं का? (वरुड)

ॲव्हरेज कमी होते हे खरं, अर्ध्यावर येते हे खरं नाही. एक लिटर इथेनॉलमधे पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ताकद कमी असते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं, म्हणजे ई-२०, मिळते, अन् नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकीला ३ ते ४ टक्के घट धरली आहे. गाडी अर्ध्यावर आली असेल तर कारण दुसरं आहे, कार्बोरेटर, प्लग, टायरची हवा, क्लच, काहीही, मेकॅनिकला दाखवा. जुन्या गाडीचे रबरी पाइप अन् वॉशर मात्र नक्की तपासून घ्या, इथेनॉलनं ते खराब होऊ शकतात. अन् इथेनॉल पाणी ओढते. पावसाळाभर गाडी तशीच गोठ्यात उभी राहिली अन् टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल अन् पाणी मिळून खाली बसते, गाडी चालू होत नाही, मग लोक पंपवाल्याला शिव्या देतात. तुमची गाडी ई-२० साठी आहे का ते मॅन्युअलमधे पहा, नसेल कळत तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

प्रश्न : फवारणीच्या पंपासाठी पेट्रोल लागते, पेट्रोल पंप गावापासून दूर आहे, म्हणून आम्ही दहा-बारा कोल्ड्रिंकच्या बाटल्या भरून घरात ठेवतो. काही होत नाही ना? (दर्यापूर तालुका)

होते. अन् हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आज सविस्तर लिहितो, कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते, अन् ही वाफ शून्याखाली ४० डिग्रीलाही पेटण्याइतकी निघते. आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ च्या वर जाते. पेट्रोलचा हलका भाग ३५-४० डिग्रीपासूनच उकळायला लागतो, म्हणजे टिनाच्या खोलीत ती बाटली फुगते, झाकणातून वाफ सुटते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, वर उडून जात नाही, जमिनीवरून सरकत चुलीपाशी, देवाच्या दिव्यापाशी जाते. बाटली कोपऱ्यात अन् चूल दुसऱ्या खोलीत असली तरी आग तिकडून इकडे येते. आता त्याच घरात कापसाची गंजी लागलेली असते. भाव येईल म्हणून कापूस घरात ठेवता हे मला माहीत आहे, त्याला पर्यायही नसतो, पण मग त्या घरात पेट्रोल नको म्हणजे नकोच.

दुसरी गोष्ट याहून वाईट. कोल्ड्रिंकच्या बाटलीत काय आहे हे लेकराला कसं कळणार? तहान लागली की ते तोंडाला लावते. पाइप तोंडात धरून टाकीतून पेट्रोल ओढतात त्यांचंही तेच. पेट्रोल पोटात जितकं नुकसान करते त्याहून जास्त फुफ्फुसात करते, एक घोट जरी श्वासनलिकेत गेला तरी न्यूमोनिया होऊन जीव जाऊ शकतो. अशा वेळी घरातले सगळ्यात आधी काय करतात? मीठपाणी पाजून उलटी करवतात. करू नका. उलटी होताना तेच पेट्रोल पुन्हा फुफ्फुसात जाते. काही पाजू नका, भिजलेले कपडे काढा, अंग साबणपाण्यानं धुवा, १०८ ला फोन करा, बाटली सोबत घ्या अन् सरळ दवाखान्यात न्या. खोकला थांबला, लेकरू खेळून राहिलं, म्हणून घरी थांबू नका, त्रास काही तासांनी वाढतो. किती वेळ नजरेखाली ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील. मांत्रिकाकडे, शेजारच्या काकूकडे, उद्या पाहू म्हणत घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो.

कायद्याचं म्हणाल तर १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत लायसन लागत नाही, पण भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा धातूचं पाहिजे, प्लास्टिकची बाटली त्यात बसत नाही. विकायला ठेवायचं असेल तर ही सूट नाही. किराणा दुकानात बाटलीनं पेट्रोल विकतात ते बेकायदा आहे, वरून त्यात काय मिसळलं ते कोणी तपासत नाही अन् लिटरमागे जास्तीचे पैसे घेतात. तुम्ही त्या दिवशी लागेल तेवढंच आणा, घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमधे, अन् कॅन घराबाहेर सावलीत, कुलपात ठेवा. वावरात पंपात भरताना इंजन आधी थंड होऊ द्या, बिडी लांब. डबे कोणते चालतात याची शंका असेल तर पेट्रोल पंपाच्या मॅनेजरला विचारा, तिथं नियम माहीत असतात.

प्रश्न : फवारणीच्या पंपात ऑइल किती मिसळायचं? (उमरखेड)

पंपावर लिहिलं आहे तेवढंच. टू-स्ट्रोक असेल अन् २५ ला १ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिलि टू-स्ट्रोकचं ऑइल. फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमधे ऑइल मिसळायचंच नाही. कोणता आहे कळत नसेल तर जिथून घेतला त्या दुकानात पंप घेऊन जा.

प्रश्न : सकाळी पेट्रोल भरलं की जास्त येते म्हणतात. (वणी)

पेट्रोल दर डिग्रीला जवळपास ०.१ टक्का फुगते, पण पेट्रोल पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. फरक हिशेबात धरण्यासारखा नाही. मापाबद्दल शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं माप असते, ते मागा. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा, एक थेंब टाका, वाळल्यावर तेलकट डाग राहिला तर तक्रार करा. हा तुमचा हक्क आहे, लाजू नका.

प्रश्न : उवांसाठी केसांना पेट्रोल लावावं का? (वाशिम)

अजिबात नाही. डोक्याला आग लागू शकते, अन् पेट्रोलमधल्या बेंझिननं कॅन्सर होऊ शकतो. आरोग्य केंद्रातून औषध घ्या. गॅरेजवाल्या पोरांनी पेट्रोलनं हात धुणंही बंद करावं.

प्रश्न : बाजारात एक जण ॲव्हरेज वाढवायची पुडी अन् पाइपला लावायचं चुंबक विकून राहिला. दुसरा म्हणतो टाकीत डांबरगोळी टाका. घेऊ का? (मूर्तिजापूर)

यातलं काहीच नको. चुंबकानं पेट्रोलला काही होत नाही. डांबरगोळीचं नॅफ्थलीन पेट्रोलमधे विरघळते, पण पेट्रोल उडून गेलं की ते कार्बोरेटरच्या बारीक भोकात खड्यासारखं जमू शकते. पुडीत काय आहे हे विकणारा सांगत नसेल तर टाकीत काहून टाकता? त्याच पैशात टायरची हवा, एअर फिल्टर अन् चेन चांगल्या मेकॅनिककडून पाहून घ्या, अन् पुडी आधीच टाकली असेल तर गाडी चालवायच्या आधी मेकॅनिकलाच विचारा टाकी धुवायची का.