भिंग अख्खं वाटू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं का पडतं हे शोधायला लहान-मोठ्या वयाच्या उंदरांची भिंगं वाटून लगदा करायचा आणि पिवळेपणा मोजायचा, असं लिहिलंयस. उंदीर सहज मिळतो, दोन वर्षांत म्हातारा होतो, हे मलाही कळतं. पण प्रश्न माणसाच्या डोळ्याचा आहे ना? मग उंदीर चालायचा नाही. आपल्या आणि माकडांच्या भिंगात ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून कायन्युरेनिनच्या जातीचे रेणू बनतात आणि अतिनील किरण अडवतात. वय वाढलं की हेच राखणदार प्रथिनांना चिकटतात आणि भिंग पिवळं पडू लागतं. उंदरात ही गाळणीच नाही. त्याला चाळिशीही लागत नाही. ऱ्हीसस माकडाला लागते. त्याचं एक वर्ष म्हणजे आपली साधारण तीन.

आता माझी चूक ऐक. सुरुवातीचं दीड वर्ष मी अख्खी भिंगं वाटत होतो. ग्लुटाथायोन, म्हणजे भिंगाला ऑक्सिडीकरणापासून वाचवणारा रेणू, वयाबरोबर किंचित घटलेलं दिसे, बस्स. जे घडत होतं ते मधोमध, आणि मी ते कडेच्या ताज्या थरात मिसळून टाकत होतो.

भिंगाला सगळे कांद्याची उपमा देतात. मला ती पटत नाही. कांदा आतून वाढतो, भिंग बाहेरून. गाभ्यातले तंतू जन्माआधीचे. त्यांच्यात केंद्रक नाही, प्रथिनं बनवणारे रायबोसोम नाहीत. तिथलं प्रथिन एकदा बनलं की जन्माचं. म्हणून तर त्यातलं ॲस्पार्टिक आम्ल हे अमिनो आम्ल वर्षानुवर्षं हळूहळू डाव्या रूपातून उजव्या रूपात उलटत जातं. माणसाच्या भिंगात हे १९७७ मध्येच दाखवलं गेलं. ग्लुटाथायोन बनतं बाहेरच्या थरात. मध्यमवयात ते आत झिरपणं मंदावतं आणि गाभा उघडा पडतो. इतर प्रथिनांच्या गुठळ्या होऊ न देणारं अल्फा-क्रिस्टलिनही माणसाच्या गाभ्यात चाळिशीच्या सुमारास विरघळलेल्या रूपात जवळजवळ उरत नाही. चाळिशी हा शब्द ज्याने रूढ केला त्याने प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण आकडा बरोबर धरला!

माकडाचं भिंग मिळणं कठीण. नेत्रपेढीत विचार. पारपटल, म्हणजे बुबुळापुढचा पारदर्शक पडदा, काढून घेतल्यावर भिंग तसंच उरतं. मात्र नैतिकता समितीची मंजुरी आणि नातेवाइकांची संमती आधी, बाकी सगळं नंतर. दोन भिंगं शेजारी ठेवून बघ: लहान मुलाचं पाण्यासारखं, सत्तरीतलं मधाच्या रंगाचं.

मग भिंग गोठव, कॉर्क बोअररने, म्हणजे धारदार पोकळ नळीने, मधला गाभा कापून काढ, कडेचं कडं वेगळ्या नळीत घाल. वजन लगेच लिही, नंतर पाणी उडतं. ग्लुटाथायोन मोजायचं असेल तर भिंग वितळू देऊ नकोस, थेट थंड आम्लात वाट. नाहीतर तुझ्या हातातच त्याचं ऑक्सिडीकरण होईल आणि तू ते वयाच्या नावावर मांडशील.

पहिल्या चार भिंगांचे आकडे आले की पाठव. गाभा आणि कडं वेगवेगळ्या रकान्यात.