मसाजचा वर्ग काढताय? नोंदणी आणि मान्यता यांतला फरक

गेल्या काही महिन्यांत सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतोय, म्हणून ही उत्तरं एकत्र देतो.

शॉप अ‍ॅक्ट काढलंय. आता मसाज प्रशिक्षणाचा वर्ग सुरू करायला हरकत नाही ना? (कराड)

शॉप अ‍ॅक्टची नोंद धंद्याची असते, अभ्यासक्रमाची नसते. तेवढ्यावर सरकारमान्य प्रमाणपत्र देता येत नाही.

एजंट म्हणतो, पस्तीस हजारांत उद्यम, आयएसओ आणि ‘भारत सरकार मान्य’ प्रमाणपत्रं छापायचा हक्क, सगळं करून देतो. द्यावेत का पैसे? (विटा)

एक रुपयाही देऊ नका. उद्यम म्हणजे छोट्या धंद्यांची केंद्र सरकारकडची नोंदणी. ती फुकट आहे, आधार-पॅन असलं की घरबसल्या होते. आयएसओ ही मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, ती स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते खासगी कंपन्या देतात, तेही कारभाराच्या पद्धतीचं. ‘छापायचा हक्क’ असा प्रकारच अस्तित्वात नाही. वर राजमुद्रा छापलीत, तर २००५ च्या कायद्याने तो गुन्हा.

मेढ्याकडची एक मुलगी माझ्याकडे प्रमाणपत्र घेऊन आली होती. जाड कागद, सोनेरी शिक्का, खाली ‘गव्हर्न्मेंट रजिस्टर्ड नंबर’. नंबर वाचला, तर ‘उद्यम-एमएच’ने सुरू होणारा! संस्थाचालकाच्या धंद्याचा नंबर पोरीच्या शिक्षणाची मान्यता म्हणून छापला होता. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात स्पाच्या जागेसाठी गेली, तर तिथे तो कागद बघून परत दिला. आईने बचत गटातून कर्ज काढून फी भरली होती. हप्ते अजून चालू आहेत. हे बघितल्यापासून असल्या एजंटांबद्दल मला मवाळ बोलता येत नाही.

खरा रस्ता असा. व्यवसाय शिक्षणाची देशातली नियामक संस्था एनसीव्हीईटी, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद. तिने मान्यता दिलेल्या संस्थेचा अभ्यासक्रम घ्या, नाहीतर राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाची संलग्नता घ्या. स्पा थेरपिस्टचा अभ्यासक्रम ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलने तयार केलेला आहे. कुणीही अभ्यासक्रम विकायला आला की त्याचा कोड मागा, तो राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत, म्हणजे मान्य अभ्यासक्रमांच्या सरकारी यादीत, सापडतो का बघा आणि मुदत संपलेली नाही ना, हेही तपासा. मग कागद घेऊन जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात स्वतः जा. एजंटला पाठवू नका.

वडील वस्ताद होते. मी वीस वर्षं तालमीत पैलवानांना मालीश करतोय. मला शिकवता येईल का? (सांगली)

तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, तिला आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग) म्हणतात. पण ते काम येत असल्याचं प्रमाणपत्र. मान्य अभ्यासक्रम शिकवायचा, तर प्रशिक्षकाची पात्रता वेगळी लागते. ती ब्युटी अँड वेलनेस कौन्सिलकडेच विचारा. एक कळकळीने सांगतो, हाड बसवणं शिकवू नका. मिरज जवळ आहे, हाडाचं दुखणं घेऊन आलेला माणूस सरळ डॉक्टरांकडे पाठवा.

माहितीपत्रकात ‘फिजिओथेरपी’ आणि ‘आमच्या तेलाने पक्षाघातावर हमखास गुण’ लिहिलं तर चालेल का? (वाई)

दोन्ही काढा. फिजिओथेरपी हा २०२१ च्या केंद्रीय कायद्याखाली येणारा स्वतंत्र आरोग्य व्यवसाय आहे. पक्षाघात बरा करण्याच्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पत्रक छापण्याआधी वकिलाला दाखवा.

दुसऱ्या मजल्यावर जागा मिळतेय. मालक म्हणतात, आगीचं नंतर बघू. (फलटण)

नंतर नाही, भाडेकरारावर सही करण्याआधी. अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र २००६ च्या कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते मागून बघा आणि त्या जागेत वर्ग चालवता येतो का, हे नगरपरिषदेत विचारा.

संलग्नतेचा अर्ज केलाय, मंजुरी येईलच. तोवर पंचवीस मुलींचे प्रवेश घेतलेत. (तासगाव)

अर्जाची पोच म्हणजे मंजुरी नाही. मंजुरी अजून आलेली नाही, हे त्या पंचवीस जणींना याच आठवड्यात लेखी कळवा. जी फी परत मागेल तिला परत द्या. आणि मंडळाच्या कार्यालयात जाऊन अर्ज कुठे अडलाय ते विचारा.