मोबाइलवर सगळं गाणं मिळत असताना मैफलीला कशासाठी जायचं?

तुम्ही विचारलंय की जुन्या रेकॉर्ड, नव्या मैफली सगळं मोबाइलवर मिळतं, संगीतावरचे सिनेमेही घरी बघता येतात. मग तिकीट काढून, डिसेंबरच्या थंडीत चार-पाच तास मांडी घालून बसायचं कशासाठी? पुण्यात नुकतेच राहायला आलात असंही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझा कान मैफलीत तयार झाला नाही, कॅसेटवर झाला. भीमसेन जोशींच्या शुद्ध कल्याण रागाची एक कॅसेट बाबांनी कुणाकडून तरी भरून आणली होती. साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, ऐन रंगात आला की पहिली बाजू संपायची, खट्ट आवाज व्हायचा आणि मी पळत जाऊन कॅसेट उलटी करायचे. पुढे तेच गाणं सलग मिळालं, पण त्या जागी माझा कान अजून खट्ट ऐकतो. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, चाहूल कशी लागते, मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, कुठून उचलतात, हे मला कुणी शिकवलं नाही. तीच कॅसेट शंभर वेळा ऐकून कळलं. शंभर वेळा तेच ऐकायला देणं मैफलीला जमत नाही. त्यामुळे रेकॉर्डला कमी लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आता मैफलीचं. काही वर्षांपूर्वी एका छोट्या सभागृहात एका ज्येष्ठ गायकांचं गाणं होतं. शंभरेक माणसं असतील. बुवांचा घसा बसलेला होता, हे नमस्कार करतानाच समजलं. त्यांनी पूरिया घेतला. मंद्रात आणि मध्यात, म्हणजे खालच्या आणि मधल्या सप्तकात रमणारा राग, म्हणजे त्या दिवशी त्यांना सोसणारा. पूरियात पंचम (प) नाही, त्यामुळे तंबोऱ्याची पहिली तार एरवीसारखी पंचमात नाही, निषादात (नी) लावलेली होती. अर्धा तास सुंदर गेला. मग बुवा तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या ‘सा’कडे निघाले आणि आवाज फाटला. पुन्हा गेले, पुन्हा फाटला. मी तबलजींच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यांनी मान खाली घातली होती. तिसऱ्या वेळी बुवा निषादावर आले आणि तिथेच थांबले. ठेवला तो निषाद, पूर्ण श्वासभर. मागे तंबोरे षड्ज बोलतच होते. आम्हा सगळ्यांना तो षड्ज ऐकू आला, बुवांनी न लावता. मग ते शांतपणे गांधारावर (ग) उतरले आणि सभागृहात एकदम ‘आहा’ झालं. माझ्या शेजारचे आजोबा डोळे पुसत होते.

त्या कार्यक्रमाचं कुणीतरी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग नंतर मला मिळालं. मोठ्या उत्सुकतेने लावलं. त्यात एका थकलेल्या माणसाचा आवाज दोनदा फाटतो आणि मग तो वर जायचं सोडून देतो, इतकंच ऐकू येतं. तंबोरे जवळजवळ नाहीतच.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या निषादात आहे. मैफलीत गायक ठरवताना दिसतो. आता वर जायचं की नाही, ही जागा परत घ्यायची की सोडायची, हे त्याचं त्या क्षणी चाललेलं असतं आणि आपण त्यात असतो. रेकॉर्डमध्ये ते सगळं आधीच ठरून गेलेलं असतं. किशोरीताई आमोणकर तंबोरे मनासारखे लागेपर्यंत गायला सुरुवात करत नसत. लोक कुजबुजायचे, पण त्या वेळात माझा कान हळूहळू त्या षड्जावर येऊन बसायचा. मोबाइलवर तेवढा भाग आपण बोटाने पुढे ढकलतो.

सिनेमाचं थोडं वेगळं आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चं नाटक, त्यावरचा चित्रपट २०१५ साली आला तेव्हा मी तो थिएटरात तीनदा पाहिला. गाणी आवडली, अजूनही ऐकते. पण सिनेमात कुठे बघायचं ते दिग्दर्शक ठरवतो. ऐन तानेत समोरच्या राजाचा चेहरा येतो आणि मला तर मागे बसलेल्या तंबोऱ्यावाल्या मुलीकडे बघायचं असतं! शिवाय गाणं म्हणजे कुणीतरी जिंकणार आणि कुणीतरी हरणार, असं पडद्यावर सारखं वाटत राहतं. मैफलीत मला ते कधीच वाटलं नाही.

तरी सिनेमाने आपल्याला जे दिलंय ते फार मोठं आहे. ‘इंद्रायणी काठी’ घ्या. पुष्कळांना तो संतांचा अभंग वाटतो. तो लिहिला गदिमांनी, १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’साठी. चित्रपट सबकुछ पु. ल., गायले भीमसेनजी. सिनेमातलं ते काही मिनिटांचं गाणं त्यांनी पुढे कित्येक वर्षं संतवाणी या त्यांच्या अभंगांच्या कार्यक्रमात गायलं. मी ते शाळेत असताना एकदा समोर बसून ऐकलंय. ‘विठ्ठला’ म्हणत ते इतक्या वेगवेगळ्या वाटांनी वर गेले की सिनेमातली चाल कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे आम्ही विसरलो. मागची माणसं टाळ्यांनी ठेका धरून होती. बाबा, जे देवळात जात नसत, तेही.

तुम्ही पुण्यात आहात तर सवाईला जाच. आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मृतीसाठी भीमसेनजींनी तो संगीत महोत्सव सुरू केला, तोही १९५३ सालीच. पूर्वी रमणबाग शाळेच्या मैदानावर रात्र रात्र चालायचा. पहाटेचा ललत, सकाळची तोडी हे राग खरोखर त्या त्या वेळी ऐकायला मिळायचे. ध्वनिक्षेपकावर वेळेची बंधनं आली आणि रात्रीची सत्रं गेली, याची हळहळ मला आहे. आता मुकुंदनगरला मैदानावर मोठ्या मांडवात दुपारपासून असतो. खुर्चीच्या भानगडीत पडू नका, भारतीय बैठकीचं तिकीट घ्या. बसायला जाड चादर, अंगावर शाल, थर्मास. पहिल्या वर्षी सगळे दिवस ऐकायचा अट्टहास नको, एक सत्र पूर्ण ऐका. कंटाळा आला तर बाहेर जाऊन चहा-भजी खा आणि परत या, सगळेच तसं करतात. फक्त मोबाइलवर भरत बसू नका.

आणि शेवटच्या दिवशी शेवटपर्यंत थांबा. भीमसेनजी अकराएक वर्षांचे असताना अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून गुरूच्या शोधात घरातून पळाले होते. फिरत फिरत अखेर पोचले ते खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे. महोत्सवाची सांगता त्या गुरूंच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने होते. इतके दिवस समोर बसलेल्या माणसांचं गाणं ऐकलेलं असतं आणि आता व्यासपीठावर गाणारं कुणी नाही. ‘बिन देखे पडे नहीं चैन’. जुन्या तबकडीची खरखर आणि त्यातून येणारा आवाज, जेमतेम तीन मिनिटं. हजारो माणसं चपला हातात घेऊन उभी असतात आणि कुणी हलत नाही.